दहा नंबरचं घर

पाया कच्चा, भिंतीला ओल आणि बिल्डर पैसे घेऊन मोकळा, हे भोग फक्त आपल्याच सोसायटीच्या वाट्याला आलेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी लंडनच्या १०, डाउनिंग स्ट्रीटची, म्हणजे ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या सरकारी घराची, कुंडली जरूर बघावी. जिवाला जरा थंडावा मिळतो.

सर जॉर्ज डाउनिंग मूळचा हेर आणि मुत्सद्दी. म्हणजे बिल्डर व्हायला लागणारी पात्रता पुरेपूर. १६८०च्या दशकात त्याने दलदलीच्या जागेवर उथळ पायाची घरं उठवली. विटांमधल्या फटी सुबक भरायच्या तर मजुरी वाढते, म्हणून भिंतीवर नुसत्या रेघा ओढल्या. गिऱ्हाईक लांबूनच बघतं, हे तेव्हाही ठाऊक होतं.

पुढे राजा दुसरा जॉर्ज याने हे घर ब्रिटनचा पहिला पंतप्रधान मानल्या जाणाऱ्या वॉलपोलला देऊ केलं. वॉलपोल म्हणाला, मला नको, पदाला द्या. लोक याला निःस्पृहपणा म्हणतात; मला यात दुरुस्तीचा खर्च टाळण्याची अक्कल दिसते. मग मागचं मोठं घर आणि पुढची छोटी घरं एकत्र केली. त्यातले शेवटचे भाडेकरू होते कोणी मिस्टर चिकन. त्यांची समजूत काढून त्याच गल्लीत दुसरीकडे हलवलं आणि १७३५ मध्ये वॉलपोल राहायला आला. पुनर्विकासात इतका गुणी भाडेकरू आपल्याकडे मिळायचा नाही.

खरी दुरुस्ती निघाली १९६० साली. पंतप्रधान मॅकमिलन यांनी बिऱ्हाड अ‍ॅडमिरल्टी हाउसमध्ये नेलं. विटा धुतल्या, तर त्या निघाल्या पिवळ्या! काळा रंग सगळा कोळशाच्या धुराचा. पण जगाला घर काळं माहीत, म्हणून धुतलेल्या विटा पुन्हा काळ्या रंगवल्या. आपण डाग लपवायला रंग देतो, इथे डाग गेला म्हणून दिला. १९६३ ला काम संपलं आणि थोड्याच दिवसांत लाकडाला बुरशी लागलेली दिसली. पुन्हा खोदकाम.

१९९१ मध्ये आयरिश बंडखोरांनी केलेल्या तोफगोळ्यांच्या हल्ल्यानंतर लाकडी दार जाऊन पोलादी आलं. बाहेरून कुलूप नाही, आतला माणूस उघडेल तेव्हाच प्रवेश. बॉम्बला दाद न देणाऱ्या या दारावर '१०' मधलं शून्य मात्र पूर्वीसारखंच किंचित कलतं बसवलंय.

उंदरांसाठी २०११ पासून लॅरी नावाचा बोका नेमलाय. कॅमेरॉनपासून सुनाकपर्यंत पाच पंतप्रधान सामान बांधून गेले. चिकनसाहेब हलले, हा काही हलेना.