एसटीत दिसतो चेहरा, कागदाला हवं ऑपरेशन

कोकणात ट्रान्स स्त्रीचा, म्हणजे जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या बाईचा, विषय निघाला की बोलणं फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतं: "ऑपरेशन झाला काय?" विचारणारा कुडाळचा रिक्षावाला असो नाहीतर कचेरीतला कारकून, कुठलं ऑपरेशन ते कुणालाच सांगावं लागत नाही. इथे इंग्लंडमध्ये असं तोंडावर विचारणं असभ्यपणाचं. पण १६ एप्रिल २०२५ ला इथल्या सर्वोच्च न्यायालयाने समानतेच्या कायद्यातली 'स्त्री' म्हणजे जन्माने स्त्री, असा निकाल दिला आणि तेव्हापासून वर्तमानपत्रांत प्रसाधनगृहं आणि रुग्णालयातले वॉर्ड यांवरून रण माजलंय. भाषा सभ्य, नजर तिथेच.

सावंतवाडी-मालवण एसटीत बसलेल्या बाईकडे लोक वळून बघतात ते कशामुळे? भुवयांवरचं पुढे आलेलं हाड, कंठमणी, दाढी घोटल्यावर उरलेली निळसर छटा, आवाज, कधी खांदे. टोमणा, धक्का, नोकरी नाकारणं हे सगळं तिथून सुरू होतं. आणि दोन्ही देशांतल्या व्यवस्था कागद किंवा पैसा बांधून ठेवतात तो मात्र कपड्यांआडच्या भागाशी. त्यामुळे कोणती शस्त्रक्रिया आधी, कोणती मागाहून आणि कोणती नकोच, हा हिशेब बाईच्या गरजेवरून न होता फाइलीवरून होतो. माझी तक्रार एवढीच आहे.

आधी कागद. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांवरच्या २०१४ च्या नालसा निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ओळख ज्याची त्याने ठरवायची आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्याने कलम ६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून 'ट्रान्सजेंडर' असं ओळखपत्र ठेवलं, पण 'स्त्री' असं लिहून हवं असेल तर कलम ७ मध्ये शस्त्रक्रियेचा दाखला मागितला. २०२० च्या नियमांनी 'वैद्यकीय उपचार' या शब्दात समुपदेशन आणि हॉर्मोनसुद्धा धरले. टेबलामागच्या माणसाच्या डोक्यात मात्र शस्त्रक्रिया हाच शब्द बसलेला. इंग्लंडमध्ये उलटा प्रकार. २००४ च्या कायद्याखाली बदललेल्या लिंगओळखीच्या मान्यतेला शस्त्रक्रिया लागत नाही, निदान आणि त्या ओळखीत काढलेली दोन वर्षं लागतात. पण एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, खर्च उचलते तो जननेंद्रियाच्या शस्त्रक्रियेचा. चेहरा, कंठमणी, स्तनांचे इम्प्लांट, चरबी काढणं-भरणं हे सर्वसाधारणपणे स्वतःच्या खिशातून. शिवाय पहिल्या भेटीसाठीच वर्षानुवर्षं रांग. तेव्हा 'परदेशात सगळं सोपं असतं' हे गावाकडचं पालुपद जरा आवरावं.

आता शरीराबद्दल. वयात येताना वाढलेली हाडं पुढे कुठल्याही गोळीने लहान होत नाहीत. कॉलरबोनचं आतलं टोक सगळ्यात शेवटी, पंचविशीच्या आसपास जुळतं. त्यानंतर खांद्यांची रुंदी ठरली ती ठरली. कमरेची हाडं, पावलं, पंजे यांचंही तेच. बदलतं ते हाडांवरचं: चरबी कुठे साठते, स्नायू किती राहतात, त्वचा. इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांत छाती दुखरी होऊ लागते, चरबी मांड्या-नितंबांकडे सरकू लागते, आणि हे काम पुरं व्हायला दोन-तीन वर्षं जातात. कमरेची किंवा छातीची शस्त्रक्रिया सहाव्या महिन्यात करून घेणारी बाई अर्धवट शिजलेल्या भातावर वरण ओतते. मग दोन वर्षांनी शरीर स्वतःहून भरतं आणि आधी घातलेलं माप चुकतं.

याच टप्प्यावर घरगुती उपाय घात करतात. औषधांच्या दुकानातून माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्या आणून दिवसाला तीन-तीन, चार-चार घेण्याची पद्धत अजून गेलेली नाही. त्या गोळीत ३० मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्राडायोल असतं, रक्ताच्या गुठळीचा धोका वाढवणारं. जोडीचं लेव्होनॉरजेस्ट्रेल तर थोडं पुरुषी गुणाचंच. लागतं ते शरीरातल्यासारखं साधं इस्ट्राडायोल. त्याची रक्तातली पातळी मिलिलिटरला साधारण १०० ते २०० पिकोग्रॅम आणि टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमखाली, असा मोजून डोस ठरवायचा. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी. सोबत टेस्टोस्टेरॉन दाबायला स्पायरोनोलॅक्टोन असेल तर पोटॅशियम वाढतं, आणि कोकणात आजारी माणसाच्या हातात आधी शहाळं दिलं जातं. एका शहाळ्यात केळ्याइतकं तरी पोटॅशियम. कधीमधी प्यायला हरकत नाही, रोज दोन-दोन नकोत. त्याच कामाची सायप्रोटेरोनची ५० मिलिग्रॅमची गोळी असेल तर बहुधा पाव भागाने काम भागतं. मोठा डोस वर्षानुवर्षं घेतल्यास मेंदूच्या आवरणात गाठ होण्याचा धोका वाढतो, म्हणून युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. आणि पुढे कधी स्वतःचं मूल हवंसं वाटलं तर वीर्य गोठवून ठेवण्याचा विचार हॉर्मोनच्या आधी करायचा.

मला विचाराल तर पैसे हातात आले की पहिला खर्च दाढीवर करावा. हॉर्मोनने दाढी जात नाही. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने आठ-दहा बैठका धरून चाला. पिकलेल्या केसाला लेसर लागू पडत नाही, तिथे सुईची इलेक्ट्रोलिसिसच हवी. उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर लेसर मारला की काळे डाग पडतात. मासळीच्या लिलावात किंवा काजूच्या बागेत दिवस काढणाऱ्या बाईने पावसाळ्यात बैठका लावाव्यात. आभाळ भरलेलं असतं, ती सोय निसर्गानेच केलेली आहे.

मग चेहरा. भुवयांवरचं हाड नुसतं घासून पुरेल की नाही, हे सीटी स्कॅन बघितल्याशिवाय ठरत नाही, कारण त्या हाडामागे सायनसची पोकळी असते. पुढची भिंत जाड असेल तर घासता येतं. पातळ असेल, आणि बहुतेकींची तशीच असते, तर ती भिंत कापून काढून, मागे बसवून, बारीक पट्ट्या-स्क्रूंनी जोडावी लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या डग्लस औस्टरहाउट यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत रुळवली. जो सर्जन स्कॅनशिवाय 'थोडं घासून देतो' म्हणतो त्याच्याकडून उठावं. टाळूचा बधिरपणा महिनोन्‌महिने राहतो आणि सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला वर्ष लागतं. तिसऱ्या आठवड्यात आरशासमोर रडण्यात अर्थ नाही. जबड्याचा कोन कमी करताना खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जवळ असते. कंठमणी छोटं काम वाटतं, पण कूर्चेच्या आतल्या बाजूला त्या उंचवट्याच्या जरा खालीच स्वरतंतू चिकटलेले असतात. हाव धरून जास्त तासलं तर आवाज आणखी खाली जातो. म्हणजे दिसणं सुधारलं आणि फोनवर 'दादा' ऐकायची वेळ आली. आवाज हॉर्मोनने बदलतच नाही. त्याला वाचा-उपचार, रोजचा रियाज, आणि तेवढ्याने भागलं नाही तर पुढची शस्त्रक्रिया.

छातीच्या बाबतीत चूक होते ती आकड्याच्या मोहाने. पिंजरा रुंद, स्तनाग्रं एकमेकांपासून लांब, एरोला (स्तनाग्राभोवतीचं गडद वर्तुळ) लहान आणि त्याखालची त्वचा तोकडी, अशा शरीरावर इम्प्लांट निवडायचा तो तळाच्या रुंदीवरून, मिलिलिटरवरून नाही. मोठा घातला म्हणून दोन स्तनांमधलं अंतर मिटत नाही, कारण स्तनाग्र इम्प्लांटच्या मध्यावर ठेवावं लागतं. ताणलेल्या त्वचेखाली मोठा घुमट बसवला की खालची मूळ घडी वेगळी दिसत राहते, एकाखाली दुसरा फुगवटा असल्यासारखी. खरबरीत पृष्ठभागाच्या एका जातीचे इम्प्लांट लिम्फोमा या दुर्मीळ कर्करोगामुळे जुलै २०१९ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. तेव्हा कार्डावर कंपनी, पृष्ठभाग आणि क्रमांक लिहून घेतल्याशिवाय घरी येऊ नये. इम्प्लांट जन्माचे नसतात. सिलिकॉनचे असतील तर पाच-सहा वर्षांनी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा, असं अमेरिकन नियामक सांगतो. तो खर्चही आधीच धरायचा.

खांदे आणि कंबर इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो, म्हणून जरा थांबतो. स्त्री-पुरुषांच्या खांद्यांत सरासरीने तीन-चार सेंटिमीटरचा फरक, आणि रुंद खांद्यांच्या बायका काय कमी आहेत? रापणीचं जाळं ओढणाऱ्या घरांत जाऊन बघा. डोळा सेंटिमीटर मोजत नाही, प्रमाण मोजतो. दशावतारातला स्त्री पार्ट करणारा नट हे कुठल्याही सर्जनइतकंच जाणतो. (तो नट म्हणजे ट्रान्स स्त्री नव्हे, हा घोळ गावात नेहमी होतो.) पदराच्या बारीक निऱ्या करून खांद्याच्या आतल्या बाजूला टाचल्या की आडवी रेष तुटते. बोटनेक खांदे रुंदावतो, 'व्ही' गळा आवळतो. नितंबांना स्पंजची गादी लावायची तर ती खुब्याच्या हाडाशी, मधे दोन-तीन सेंटिमीटर जाड आणि कडेला निमुळती. कमरेच्या काठावर लावली तर बाई पेटाऱ्यासारखी दिसते. आपल्याकडच्या दमट हवेत सुती खोळ आणि बदलायला दुसरा जोड हवाच, नाहीतर मे महिन्यात घामोळं आणि गजकर्ण.

एवढ्यावर भागत नसेल तर पोट-कमरेची चरबी काढून नितंबांच्या बाजूला भरता येते. भरलेली सगळी टिकत नाही, बराच भाग पहिल्या काही महिन्यांत विरघळतो, आणि नंतर वजन उतरलं तर तीही उतरते. सडपातळ मुलीकडे काढायला चरबीच नसते. तिला 'आधी पाच-सहा किलो वाढव' म्हणणारा डॉक्टर बरोबर सांगतोय. धोका आहे तो नितंबाच्या स्नायूत सुई शिरण्याचा. तिथल्या मोठ्या शिरांतून चरबी फुप्फुसात जाऊन टेबलावरच मृत्यू होतो. २०१८ मध्ये प्लास्टिक सर्जनांच्या संघटनांनी दर तीन हजारांत एक मृत्यू असा अंदाज देऊन बजावलं: फक्त त्वचेखालच्या थरात भरा, नळी चार मिलिमीटरपेक्षा बारीक नको. सर्जनला थेट विचारावं, 'कुठल्या थरात भरणार?' उत्तर गुळमुळीत आलं तर नमस्कार. सुटं सिलिकॉन टोचून घेणं मात्र कुठेही, कुणाकडेही नाही. ते सरकतं, गाठी धरतं आणि पूर्ण निघत नाही.

कॉलरबोन आखूड करण्याची शस्त्रक्रिया हल्ली फोनवर फार दिसते. दोन्ही बाजूंना दोन-अडीच सेंटिमीटर हाड कापून, टोकं पट्टी आणि स्क्रूने जोडतात. कित्येक आठवडे जड उचलायचं नाही, हाड न जुळण्याचा धोका आहे, खांद्याची ताकद घटू शकते. विहिरीवरून कळशी आणणारी, टोपली डोक्यावर घेणारी, दुचाकीवरून फिरती करणारी बाई असेल तर माझं उत्तर साफ 'नाही'. तोच परिणाम नितंबांना बाजूने दोन-दोन सेंटिमीटर देऊन पुष्कळसा साधतो.

कमरेखालचं ऑपरेशन मी शेवटी घेतलं ते कमी महत्त्वाचं म्हणून नाही. जिला स्वतःच्या शरीराची ती घुसमट आहे, तिच्यासाठी ते सर्वांत आधीचं असू शकतं. पण ते तिच्यासाठी असावं, कारकुनासाठी नसावं. पर्यायही एकच नाही. नुसतं वृषण काढलं तर टेस्टोस्टेरॉन दाबणारी गोळी सुटते. मात्र इस्ट्रोजेन जन्मभर लागतं, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. दाईकडून निर्वाण (हिजडा समाजातलं पारंपरिक लिंगछेदन) करून घेतलेल्यांत हाच त्रास, कारण पुढचे हॉर्मोन कुणी दिलेच नाहीत. बाह्य रचना स्त्रीची पण खोली न करणारी शस्त्रक्रियाही आहे, तिला डायलेटर (योनीमार्ग आकसू नये म्हणून आत घालायची कांडी) लागत नाही. पूर्ण योनी बनवायची तर वापरल्या जाणाऱ्या त्वचेवरचे केस काही महिने आधी कायमचे काढावे लागतात. ते टाळलं तर आत केस उगवतात आणि मग ते काढणं फार कठीण. तंबाखू, मशेरी, सिगारेट, सगळं निदान चार-सहा आठवडे आधी बंद, कारण निकोटिन रक्तवाहिन्या आकसतं आणि कडेची त्वचा मरते. प्रोस्टेट जागेवरच राहतं, पन्नाशीनंतर डॉक्टरला ते सांगायचं विसरू नये.

आणि डायलेटर. पहिले तीन महिने साधारण दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास धरा, पुढे कमी कमी होत कायम. आठवडाभर चुकवलं तर मार्ग आकसू लागतो. सिंधुदुर्गातल्या एकत्र घरात, जिथे माजघरातून सगळ्यांची ये-जा आणि न्हाणीघर परसात, तिथे हे कसं जमायचं? ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारतखाली ट्रान्सजेंडर व्यक्तीला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचा करार झाला. त्यात शस्त्रक्रिया बसते, कडी असलेली खोली बसत नाही. गोव्यातल्या बांबोळीहून किंवा मुंबईहून परतताना घाटातला बसप्रवास टाळून कोकण रेल्वेचं आडवं होता येईल असं तिकीट काढावं. गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत तारीख घेऊ नये. चाकरमान्यांनी घर भरलं की पहिली खोली जाते ती तिची.