स्तंभावर कुठली अक्षरं

बेळगावजवळच्या आमच्या गावच्या ग्रुपवर तीन आठवडे एकच भांडण चाललंय. वेशीजवळ माजी सैनिकांचा स्मृतिस्तंभ होणार आहे, काळ्या दगडाचा. त्यावरची नावं मराठीत कोरायची की कन्नडात? दोन्हीत असतील तर वर कुठली, खाली कुठली? दुकानांच्या पाटीला साठ टक्के कन्नडचा नियम आहे, तो दगडालाही लागतो का, यावर दोन वकील आणि एक सिमेंटवाला रात्री एकपर्यंत जागे असतात. त्यांचा एक म्हणजे इथं इंग्लंडात माझे साडेसात. मी कालची आमटी मायक्रोवेव्हला लावून वाचत बसतो.

मला यात नवल वाटत नाही. राजहंसगडावरच्या शिवरायांच्या एकाच पुतळ्याचं मार्च २०२३ मध्ये चार दिवसांत दोनदा उद्घाटन झालं, एकदा एका पक्षाचं, एकदा दुसऱ्याचं. २०१४ साली येळ्ळूरच्या एका फलकासाठी पोलिसांनी लोकांना घरात शिरून मारलं. दगड आणि पाटी या आमच्याकडं जिवंत वस्तू आहेत. पण त्या स्तंभाच्या यादीत कोण आहे, कोण नाही, याबद्दल तीन आठवड्यांत एकानंही अवाक्षर काढलेलं नाही.

मी काढलं. म्हणजे सरळ नाही, आडवळणानं. २७ ऑक्टोबर २०२५ ला इथं स्टॅफर्डशरमधल्या स्मारकांच्या बागेत, माझ्या घरापासून ए-३८ वरून वीस मिनिटांवर, राजानं एका स्मारकाचं अनावरण केलं. सैन्यातल्या समलिंगी आणि ट्रान्स माणसांचं. पुढच्या शनिवारी मी जाऊन फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. तारीख १ नोव्हेंबर, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस, त्यामुळं आधीच सगळ्यांचे डीपी काळे झालेले.

पहिलं उत्तर सुभेदारमामांचं. ‘स्मारक शौर्याचं असतं. असल्या गोष्टीचं नसतं.’ त्यावर अकरा अंगठे. मग चुलतभावाचं : ‘तिकडं बसून आम्हाला शिकवू नको की. तुझं नाव तर मतदारयादीतपण नाही.’

ते खरं आहे. पासपोर्ट बदलला तेव्हाच गेलं नाव. पण मामांचं वाक्य मला अजून कुरतडतंय.

स्मारक शौर्याचंच असतं? मग हिंडलग्याला आपण दर १ जूनला कशासाठी जातो? १९८६ मध्ये कन्नडसक्तीच्या विरोधात तिथं माणसं उभी राहिली आणि पोलिसांच्या गोळ्यांनी पडली. त्यांनी कुठली टेकडी जिंकली नव्हती. आपल्याच सरकारनं त्यांच्यावर अन्याय केला, एवढीच त्यांची पात्रता, आणि ती आपल्याला पुरते. लहानपणी बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी तिथं फुलं घेऊन गेलोय. सरकारनं केलेल्या अन्यायाचं स्मारक म्हणजे काय, हे साऱ्या देशात आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागू नये.

इथलं स्मारक म्हणजे चुरगळलेलं पत्र. काश्याचं. त्यावर त्या लोकांच्या साक्षींतले शब्द आहेत. मिलिटरी पोलीस त्यांची लॉकरं उघडायचे, पत्रं वाचायचे, तासन्‌तास चौकशी करायचे. मग पदकं काढून घेऊन घरी. हे सगळं अगदी जानेवारी २००० पर्यंत चालू होतं. बाहेर इंग्लंडमध्ये १९६७ पासून समलिंगी संबंध गुन्हा नव्हते, तरी वर्दीत त्यापायी नोकरी जाणं पुढं तेहेतीस वर्षं चालू होतं. बंदी उठली तीही स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं आदल्या वर्षी कान पिळल्यावर. २०२३ च्या जुलैत लॉर्ड एदरटन यांचा अहवाल आला, पंतप्रधान सुनक यांनी संसदेत माफी मागितली. काढून टाकलेल्यांना प्रत्येकी पन्नास हजार पौंड. ज्यांना मिळायचे त्यातले कित्येक तोवर गेलेले.

त्याच बागेत आणखी एक जागा आहे. पहिल्या महायुद्धात ‘पळपुटे’ वगैरे ठरवून ब्रिटिश सैन्यानं पहाटे गोळ्या घातलेले आपलेच तीनशेहून जास्त सैनिक. प्रत्येकाचा एक लाकडी खुंट, आणि समोर डोळ्यांना पट्टी बांधलेल्या पोराचा पुतळा. मामांना मी तोही फोटो पाठवला. ‘हे शूर का?’ असं खोचकपणे लिहिलं. इंग्लंडात राहून माणसाला ही खोड लागते, प्रत्येक गोष्टीला दुसरा फोटो काढून दाखवायची.

मामांनी नेमकं जिथं लागतं तिथं मारलं. ‘३७७ कलम कुणी घातलं? तुझ्या राजाच्या घराण्यातल्या राणीनंच की.’ १८६० चा कायदा, नाही कसं म्हणू? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपल्याकडचं ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं, आणि चारच महिन्यांत लष्करप्रमुख बिपिन रावत म्हणाले की सैन्य पुराणमतवादी आहे, हे तिथं चालू देणार नाही. मामांनी तेव्हा ती बातमीही ग्रुपवर टाकली होती. मी त्याला अंगठा दिला होता. वर स्क्रोल करून पाहिलं, माझाच आहे.

का दिला ते मला माहीत आहे. माझे धाकटे काका.

काकांची पलटण कुठली ते इथं सांगत नाही. बेळगावच्या मराठा सेंटरची नव्हती एवढंच. मी सहावीत असताना ते एका दुपारी ट्रंक घेऊन एसटीतून उतरले, पेन्शनीला पुष्कळ वर्षं बाकी असताना. गावाला सांगितलं, मेडिकलवर आला. कुठला आजार ते कुणी विचारलं नाही, आणि आमच्या गावात कुणी विचारत नाही म्हणजे सगळ्यांना ठाऊक असतं. काकांनी पुढं पंचवीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. बुटांना रोज पॉलिश, मिशीला पीठ. १५ ऑगस्टला झेंड्यापाशी माजी सैनिक रांगेत उभे राहायचे तेव्हा काका गिरणी चालू ठेवायचे. पट्ट्याचा आवाज राष्ट्रगीताच्या वरून ऐकू यायचा. खरं कारण मला आत्यानं सांगितलं, काका गेल्यावर, तेही चुलीकडं तोंड करून.

पुण्याच्या होस्टेलात पोरं माझ्या ‘खरं’ला हसायची. आमच्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात. येतो म्हणाला, खरं आला नाही. तिथं मी कर्नाटकातला, बेळगावात गेलो की इंग्लंडवाला, इथं कामावर नुसता इंडियन. कुठल्याच यादीत धड बसत नाही अशी तक्रार मी बावीस वर्षं दोस्तांना बिअरवर ऐकवतोय. घरातल्याच माणसाला यादीबाहेर ठेवताना मात्र मला काही अवघड गेलं नव्हतं.

त्या शनिवारी पत्राजवळ एक म्हातारी उभी होती, कोटावर पदकं आणि युद्धस्मृतीचं पॉपीचं फूल. तिनं विचारलं, तूही सैन्यात होतास का? मी म्हणालो, माझे काका होते. तिनं मान हलवली, थर्मॉस पुढं केला. इतकंच झालं. परक्या मुलखात, परक्या भाषेत सांगायला सोपं जातं, त्यात मोठी मर्दुमकी नाही.

परवा मी मामांना एकट्याला मेसेज केला. स्तंभावर काकांचं नाव पाहिजे, मराठीत असो की कन्नडात. दोन दिवस निळ्या खुणा, उत्तर नाही. मग आलं : ‘तुझं बरोबर आहे. खरं कमिटीला काय सांगू?’ आणि थोड्या वेळानं, ‘बघतो. नंबर पाठव. नंबर, हुद्दा, नाव, असं कोरायचं ठरलंय.’

आत्याला फोन केला. काकांची ट्रंक अजून माळ्यावर आहे, तिच्यात आता बेदाणे आणि जुनी लुगडी. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव-नंबर होता, तो काकांनी घरी आल्या आल्या विळ्यानं खरवडून काढला होता. आत्यानं भाच्याकरवी ट्रंक उतरवून उन्हात धरली. म्हणाली, पहिले दोन आकडे लागतात रे, पुढचे नाही.

पहिले दोन एका रेजिमेंटमधल्या सगळ्यांचे सारखेच असतात.