बोटीच्या इंजिनात मोटरसायकलचं ऑइल? तो मेसेज आधी नीट वाचा

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-कुरुंदवाडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. 'बोटीचं वेगळं ऑइल म्हणजे निव्वळ लूट. मोटरसायकलचं टाका, जाड तेवढं चांगलं, टू-स्ट्रोकला थोडं जास्तच घाला.' २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या, पुरात बोटीवरच भिस्त असलेल्या गावांत असलं काही फिरणं परवडणारं नाही.

'इंजिन ते इंजिनच.' नाही. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, तो घसरू नये या बेतानं ते ऑइल बनवतात. आउटबोर्डला, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाला, तसला क्लचच नाही. त्याचं दुखणं निराळं. नदीचं गार पाणी ओढून ते थंड होतं, त्यामुळे न जळालेलं पेट्रोल आणि ओल ऑइलात उतरते. वर इंजिन महिनोन्‌महिने गोदामात पडून. म्हणून फोर-स्ट्रोकला, म्हणजे ऑइल पेट्रोलपासून वेगळं राहणाऱ्या इंजिनाला, एफसी-डब्ल्यू (बोटीच्या फोर-स्ट्रोक ऑइलाची खूण) लिहिलेला डबा घ्यायचा. ते इंजिनाला गंजापासून जास्त जपतं. मेसेजमधलं अर्धं खरं एवढंच, की इंजिन कंपनीच्याच नावाचा महागडा डबा घ्यायची सक्ती नाही.

'जाड तेवढं चांगलं' ही आपली ऑइल इंजिनाची सवय बोलतेय. मळ्यातलं पंपाचं इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवर निवांत चालतं, त्याला चाळीस नंबरचं जाड ऑइल मानवतं. आउटबोर्ड फुल्ल रेसला पाच-सहा हजारांवर जातं. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० (त्याहून पातळ ऑइलाचा नंबर) लिहिलं असेल तर तेच, कोल्हापूरच्या उद्यमनगरातला मिस्त्री कितीही जाणता असला तरी.

सगळ्यात घातक सल्ला टू-स्ट्रोकचा. त्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून जळतं. स्कूटरच्या टू-टी ऑइलात धातूची रसायनं असतात, ती जळून राख उरते. गार चालणाऱ्या आउटबोर्डमध्ये ती पिस्टनवर आणि प्लगवर बसते, रिंगा चिकटतात, पेट्रोल अवेळी पेटतं आणि पिस्टनला भोक पडतं. त्यासाठीच टीसी-डब्ल्यू३, म्हणजे बोटीच्या टू-स्ट्रोकचं बिनराखेचं ऑइल. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली. जास्त घातलं तर प्लग काळा होऊन नेमकं धारेत इंजिन बंद.

'बोट वर्षातून दोनदा चालते, ऑइल कशाला बदलायचं?' फोर-स्ट्रोकचं ऑइल शंभर तास किंवा वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदलायचं. पूर ओसरून बोट ठेवण्याआधी बदललं तर उत्तम. त्याच वेळी खालच्या गिअरबॉक्सचा स्क्रूही काढून बघा, त्याचं ऑइल वेगळं असतं. चहासारखं दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. सील न बदलता नुसतं नवं भरलंत, तर तेही तसंच होणार.