चार चोक सोळा

2007-08 च्या सुमारास बार्शीत आमच्याकडे लोडशेडिंगचं टाइमटेबल कालनिर्णयच्या शेजारीच टाचलेलं असायचं आणि आई एकादशी बघायच्या आधी ते बघायची. शेवटी तिनेच ठरवलं की इन्व्हर्टर घ्यायचा. बाबांनी फक्त हिशोब हातात घेतला आणि गाडी तिथंच अडली.

बाबांचा हिशोब असा, की ट्यूबवर 40 लिहिलंय, ट्यूब 4, म्हणजे चार चोक सोळा, 160 झाले. पंखे 3, प्रत्येकी 75 धरा, 225. एकूण 385. म्हणजे 400 चा इन्व्हर्टर पुरे, वर 15 शिल्लक! हे 15 शिल्लक त्यांनी ज्या समाधानाने सांगितलं ना, तेवढं समाधान मला दहावी पास झाल्यावर पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नव्हतं.

इलेक्ट्रिशियन म्हणाला, काका, चोकच विसरलात की. बाबा म्हणाले, विसरलो कुठं, चार चोक सोळा. तो म्हणाला तो चोक नाही ओ, ट्यूबच्या पट्टीच्या आतला, करंट आवरणारा. तांब्याचा जुना चोक एकटाच दहा-बारा वॅट खातो, म्हणजे 40 ची ट्यूब पडली बावन्नला, आणि त्यात पॉवर फॅक्टर अर्धा, म्हणजे ओढलेल्यातलं निम्मंच कामाला येतं, म्हणून इन्व्हर्टरला ती शंभरच्या वर व्हीएला पडते, व्हीए म्हणजे इन्व्हर्टरची ताकद मोजायचं माप. पंखे धरून सगळं सहाशेच्या पुढे जातं, 800 व्हीए घ्या. बाबांनी पट्टीखाली स्टूल ठेवलं, चष्मा लावला, वर चढले, ट्यूबच्या टोकाचा छापा वाचला आणि खाली उतरून म्हणाले, 40 च लिहिलंय. छापील गोष्टीवर त्यांचा फार विश्वास. पॉवर फॅक्टर हा त्यांच्या मते दुकानदार लोकांनी काढलेला नवा टॅक्स होता.

दुकानात गेलो तर तिथं वेगळंच. इन्व्हर्टरची वीज स्क्वेअर वेव्ह, म्हणजे झटक्या-झटक्याने येणारी पाहिजे, का साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाईनसारखी सलग? बाबांनी दोन्हीचे भाव विचारले आणि लगेच स्क्वेअर वेव्ह कसा दणकट असतो ते ते दुकानदारालाच सांगायला लागले. खरं म्हणजे स्क्वेअर वेव्हवर चोक भुणभुणतो, पंखा पण घूं घूं करतो, शेजारच्या काकूंकडे तेच चालू होतं आणि त्या हॉलमध्ये बसून नेहमीपेक्षा मोठ्याने बोलायच्या. हे काकूंचं उदाहरण ऐकलं आणि आई साइन वेव्हसमोर जाऊन उभी राहिली, ती हललीच नाही. मग विषय संपला.

बॅटरी 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती मावतं ते). बाबांनी तिथल्या तिथे गुणाकार केला, 1800, भागिले 433 (आता चोक धरला होता, पण मान्य केला नव्हता), चार तास! दुकानदार म्हणाला, 150 हा आकडा वीस तास हळूहळू वापरली तरचा, एवढ्या लोडला अडीच तास धरा. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, बघ, इथं पण कापतात.

बसवला एकदाचा. लाईट गेली, पंखे चालू राहिले, ट्यूबा झिपझिप करून लागल्या, आतल्या खोलीतली सोडून. इलेक्ट्रिशियनला पुन्हा बोलावलं, त्याने वायरिंग तपासलं, चोक तपासला, मग पट्टीत बोट घालून विचारलं, स्टार्टर कुठाय? स्टार्टर बाबांच्या शर्टाच्या खिशात. एकदा ट्यूब लागली की स्टार्टरचं काम संपतं, काढला तरी ती चालू राहते, म्हणून बाबा एकाच स्टार्टरने दोन खोल्या उजळायचे. पण लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू व्हायला जो क्षणभर लागतो तेवढ्यात ट्यूब विझते, आणि पुन्हा लावायला स्टार्टर लागतोच.

परवा म्हटलं बाबा, आता त्या पट्ट्या काढून 20 वॅटच्या एलईडी लावू, चोकची कटकटच नको, इन्व्हर्टर दुप्पट वेळ चालेल. तर म्हणाले, दुप्पट कसा? चार चोक सोळा, चार दुणे आठ, पंख्याचे 225 कुठं गेले?