कंद शिजवले की सत्त्व जातं? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

थंडी पडली, बाजारात गाजर-मुळ्याचे ढीग लागले की एक मेसेज हमखास ग्रुपवर फिरायला लागतो. त्यातले दावे थोडक्यात असे: जमिनीखालचं माळवं शिजवलं की सगळी जीवनसत्त्वं मरतात, म्हणून कच्चंच खा. शिजवायचंच असेल तर पहिलं पाणी ओतून द्या, त्यात जमिनीतलं विष उतरतं. लवकर शिजावं म्हणून चिमूटभर सोडा टाका. बिटाचं सूप आठ दिवस प्या, रक्त वाढतं. सुरण-अरवी घशाला खाजते म्हणजे ती विषारी. शुगरवाल्यांनी जमिनीखालचं काहीच खाऊ नये. आणि सूप दाट करायला कॉर्नफ्लोरला पर्याय नाही.

काही दाव्यांत चिमूटभर तथ्य आहे, म्हणूनच मेसेज खरा वाटतो. एकेक घेऊ.

‘शिजवलं की जीवनसत्त्वं मरतात’

जीवनसत्त्व ही काही एकच वस्तू नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं आणि पाण्यातही उतरतं, हे खरं. फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाचंही थोडंफार तसंच. पोटॅशियम हे खनिज, ते उष्णतेने नष्ट होतच नाही. पाण्यात उतरतं एवढंच, आणि ते पाणी पोटात गेलं तर हिशेब जुळला. गाजर मात्र लोक खातात ते बीटा कॅरोटीनसाठी, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. ते पाण्यात विरघळत नाही आणि नेहमीच्या शिजवण्यात बरंचसं टिकतं. उलट कच्च्या गाजरात ते पेशींच्या भिंतींआड अडकलेलं असतं. दातांनी कितीही चावलं तरी पुष्कळ पेशी शाबूत राहतात आणि तशाच बाहेर पडतात. शिजवल्यावर भिंती सैल होतात, आणि सोबत तेल-तूप असेल तर ते अंगी लागतं.

हे डोळ्यांनी पाहता येतं. दोन चमचे तेलात जिरं तडतडू द्या आणि हळद घालायच्या आधी किसलेलं केशरी गाजर परता. दोन-तीन मिनिटांत कडेला सुटणारं तेल केशरी होतं. तेच गाजर नुसत्या पाण्यात उकडा, पाणी फिकटच राहतं. रंग कुठे जातो ते कळलं की फोडणी कशासाठी हेही कळतं. भोगीच्या भाजीत गाजराबरोबर तीळ आणि शेंगदाण्याचं कूट पडतं, वेळ अमावस्येच्या भज्जीतही गाजर शिजूनच येतं. त्यांचं सत्त्व गेलं असं म्हणायला काही आधार नाही.

मुळ्याच्या बाबतीत मेसेजला अर्धे गुण देऊ. मुळ्याचा झणका चिरल्या-किसल्यावर तयार होतो: पेशी फुटतात, आतलं एक विकर (एन्झाइम) दुसऱ्या घटकाला भेटतं आणि तिखट द्रव्य बनतं. उष्णतेने ते विकर निकामी होतं, म्हणून शिजलेला मुळा सौम्य लागतो. क जीवनसत्त्वही कच्च्यात जास्त. तेव्हा मुळ्याची कोशिंबीर जरूर करा, पण किसाला मीठ लावून पिळल्यावर निघालेलं पाणी मोरीत ओतू नका. धपाट्याचं पीठ त्यातच मळा. त्या पाण्यात मीठ आधीच असतं, तेव्हा पिठात बेतानं घाला.

भाजीला उग्र वास येतो तो झाकणामुळे. गंधकयुक्त वाफ पातेल्यातच कोंडते. मुळा फोडणीत टाकल्यावर पहिली चार-पाच मिनिटं झाकण ठेवू नका, मग तासभर भिजवलेली मूगडाळ घालून झाका. पाव किलो मुळ्याला अर्धी वाटी डाळ पुरते. पाला कोवळा असेल तर चिरून शेवटी घालायचा.

‘पहिलं पाणी ओतून द्या’

माती, खत, फवारणीचा अंश सालीवर असतो, आणि तो जायची वेळ चिरण्याआधीची. दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, माती सुटली की वाहत्या पाण्याखाली हाताने किंवा घासणीने चोळा, मग चिरा. चिरल्यावर धुतलं तर मातीऐवजी सत्त्व वाहून जातं. पाणी जितकं जास्त आणि फोडी जितक्या बारीक, तितकं नुकसान मोठं. म्हणून पाणी बेताचं घ्या आणि फोडी जाड ठेवा. कुकरमध्ये वेळ कमी, पाणीही कमी, म्हणजे तिथे तोटा आणखी कमी.

पातळ कालवणाला तर हा मुद्दा लागूच होत नाही. ज्यात शिजलं तेच पाणी भाकरीवर येतं.

पाणी ओतायचे प्रसंग आहेत, पण कारणं वेगळी. मूतखड्याच्या रुग्णाला डॉक्टरांनी खडे बनवणारं ऑक्झलेट कमी करायला सांगितलं असेल तर बीट भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकणं योग्य. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम कमी ठेवायचं असेल तेव्हाही तसंच. हिरवट पडलेल्या बटाट्याचं मात्र पाणी फेकून भागत नाही. त्यातलं सोलॅनिन हे विषारी द्रव्य उकळल्याने नाहीसं होत नाही. थोडा हिरवा भाग असेल तर जाडसर कापून टाका. पूर्ण हिरवा किंवा चवीला कडू असेल तर अख्खा बटाटाच टाकून द्या.

‘लवकर शिजायला सोडा टाका’

सगळ्यात जास्त स्वयंपाक बिघडवणारा सल्ला हाच. सोड्याने भाजी लवकर मऊ होते, खोटं नाही. पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन सोड्यासारख्या अल्कलीत भराभर सुटतं. पण ते थांबत नाही. बाहेरून गाजराचं गरगट्टं आणि आत कच्चा गर, अशी गत होते. ब१ आणि क जीवनसत्त्वं सोड्यात आणखी लवकर जातात, म्हणजे सत्त्व वाचवायला निघालेला मेसेज इथे स्वतःच ते घालवायला सांगतो! बिटाचा रंग मळकट होतो. वसमतच्या बाजारातली उत्तम हळद घातली असली तरी सोडा जास्त झाला की कालवण लालसर दिसतं. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणावर.

खरा प्रश्न वेगळा आहे: कंद शिजत का नाहीत? कारणं तीन, आणि तिन्हींवर सोड्याविना उपाय आहे.

पहिलं कारण चिंच. आंबटात पेक्टिन घट्ट राहतं. बटाट्याच्या दीड सेंटीमीटरच्या फोडी दोन पातेल्यांत घ्या, एकात साधं पाणी, दुसऱ्यात चांगलं आंबट चिंचेचं पाणी, दोन्हीत सारखं मीठ. पंधरा मिनिटं उकळल्यावर साध्या पाण्यातली फोड चमच्याने दाबली की दुभंगते. चिंचेतली फोड चमच्याखालून निसटते, आणि तोडलीच तर कड सुरीने कापल्यासारखी राहते. म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो, आंबट ताक हे सगळं फोडी शिजल्यावर. आधी घातलं तर अर्धा तास उकळूनही कालवणात बटाटे टणकच. आमटीत डाळ शिजायच्या आत चिंच पडली तर तीही अशीच अडून बसते.

दुसरं कारण पाणी. मराठवाड्यात बऱ्याच गावांत बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला आणखी बांधून ठेवतं. डाळ शिजेना, गाजर शिजेना ही तक्रार तिथूनच येते. पाणी आधी दहा मिनिटं खळखळून उकळा, निवू द्या, तळाला आणि कडेला पांढरा थर बसला की वरचं पाणी अलगद ओतून घ्या. सगळे क्षार जात नाहीत, पण फरक पडतो. फिल्टरचं पाणी असेल तर शिजवायला तेच घ्या. मीठ सुरुवातीलाच घाला, त्याने फोडी मऊ व्हायला थोडी मदतच होते.

तिसरं कारण फार कमी जणांच्या लक्षात येतं, ते म्हणजे अगदी मंद आच. गाजर-बटाटा साधारण ५५ ते ६५ अंश सेल्सिअसला अर्धा तास राहिला तर त्यातलंच एक विकर पेक्टिनला कॅल्शियमशी बांधून देतं. नंतर उकळी आली तरी त्या फोडी पटकन गळत नाहीत. विझत आलेल्या चुलीवर ठेवलेलं पातेलं असंच फसवतं. सूप घोटायचं असेल तर फोडी आधणातच टाका. रस्सा मोठ्या भांड्यात करायचा असेल आणि फोडी अख्ख्या हव्या असतील तर थंड पाण्यातून हळूहळू तापवा.

‘बिटाच्या सुपाने आठ दिवसांत रक्त’

लाल रंगावरून लाल रक्त, एवढाच यातला तर्क. १०० ग्रॅम बिटात लोह साधारण १ मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीची भारतीय शिफारस दिवसाला २९ मिलिग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या ज्वारीत लोह बिटाच्या कितीतरी पट असतं. म्हणजे ताटात सुपापेक्षा भाकरीच पुढे. बिटात फोलेट चांगलं आहे, ते रक्ताला लागतंही. पण ॲनिमिया असेल तर तपासणी करून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्या लागतात. सूप हे जेवण आहे. त्यावर लिंबू पिळलं तर वनस्पतीतलं लोह शोषायला मदत होते, जेवणाला लागून चहा घेतला तर अडथळा होतो. बीट खाल्ल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका, तो बिटाचाच रंग. दोन दिवस बीट न खाताही लाल दिसली तर मात्र डॉक्टरकडे जा.

रंग टिकवायचा तर बीट सोलून उकडू नका. शेपूट तसंच आणि देठ दोन बोटं ठेवून अख्खं उकडा. मध्यम बिटाला कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या, उघड्या पातेल्यात ३५ ते ४५ मिनिटं. निवल्यावर साल चिमटीने सुटते.

‘खाजतं म्हणजे विष’

सुरण आणि अरवीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते टोचतात, म्हणून खाज. कच्चं किंवा अर्धकच्चं खाऊच नये. चिरताना हाताला तेल लावा आणि हात कोरडे ठेवा. खाज कमी करायला अर्धा किलो सुरणाला लिंबाएवढी चिंच लागते, पण ती कधी घालायची हे पदार्थावर ठरतं. रस्सा करायचा असेल तर फोडी आधी मिठाच्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवा, ते पाणी ओतून द्या, मग चिंचेच्या कोळात दहा मिनिटं उकळा. तव्यावर काप करायचे असतील तर चिंच सुरुवातीपासून घाला. वर सांगितलेला आंबटाचा दोष इथे गुण होतो, काप फुटत नाहीत. फक्त वेळ जास्त द्या, आणि सुरी मध्यापर्यंत सहज गेल्याशिवाय उतरवू नका.

‘शुगरवाल्यांना जमिनीखालचं बंद’

जमिनीखालचं म्हणाल तर भुईमुगाच्या शेंगाही आल्या, कांदा-लसूणही आला. मुळ्याच्या १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं तीन-साडेतीन ग्रॅम, गाजरात दहाच्या आसपास, बटाट्यात १७ ते २०. हे सगळं एका दोरीत ओवता येत नाही. आणि हाच मेसेज पुढे पाठवून उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाणारे कमी नाहीत. साबुदाणाही कंदाचाच, आणि त्याच्या १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून जास्त कर्बोदकं. बटाटा किंवा रताळं खायचं तर तेवढी भाकरी कमी करायची. रताळं भाजण्यापेक्षा उकडलेलं बरं: हळूहळू भाजताना त्यातल्या पिठूळ भागाची साखर होत जाते, म्हणून भाजलेलं रताळं जास्त गोड लागतं.

‘कॉर्नफ्लोरला पर्याय नाही’

घरात येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ, असताना? चौघांच्या गाजराच्या कालवणाला पाव किलो गाजर, एक कांदा, लसणाच्या पाच पाकळ्या, दोन चमचे करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल, चार वाट्या पाणी. लसूण-कांदा परतून गाजर तेलात तीन मिनिटं फिरवा, मग हळद, तिखट, मीठ आणि आधणाचं पाणी. फोडी बारा मिनिटांत शिजतात. निम्म्या फोडी पळीने पातेल्याच्या कडेला घोटा, दाटपणाचं अर्धं काम तिथेच होतं. मग दोन मोठे चमचे येसर अर्धी वाटी गार पाण्यात कालवून, ढवळत ओता. कोरडं येसर उकळत्या रश्श्यात टाकलं तर गुठळीची वरची पापडी लगेच शिजते आणि आत कोरडं पीठ राहतं. भाजलेलं पीठ कच्च्या पिठाइतकं दाट होत नाही, म्हणून प्रमाण कमी वाटलं तरी लगेच वाढवू नका. पाच मिनिटं उकळून पाहा, उतरवल्यावर ते आणखी थोडं आळतं. फार दाट झालंच तर गरम पाणीच घाला.