केवळ गस्त वाढवून वाहनचोरी थांबणार नाही
वाहनचोरी रोखण्यासाठी पोलिसांनी रात्रीची गस्त वाढवावी, हा वाहनचोरीवरील लेखात सुचवलेला मुख्य उपाय मला अपुरा वाटतो. गंमत म्हणून गाडी पळवून कुठेतरी सोडून देणारा चोर आणि मागणीनुसार ठरावीक मॉडेल उचलणारी टोळी यांना एकाच मापाने मोजता येत नाही. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर (योग्य किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचा झाल्यावर पहिल्या प्रकारची चोरी अवघड झाली; टोळ्यांनी मात्र घरातल्या बिनतारी किल्लीचा सिग्नल उपकरणाने टिपून गाडीपर्यंत पोहोचवून (रिले करून) दार उघडण्याचे, तसेच हेडलॅम्पजवळच्या तारांतून कॅन बसमध्ये, म्हणजे गाडीतील संगणकीय भागांना जोडणाऱ्या जाळ्यात, खोटे संदेश घुसवण्याचे तंत्र आत्मसात केले. यात काच फुटत नाही आणि अलार्मही बहुधा वाजत नाही, मग गस्तीवरच्या शिपायाला संशय यावा तरी कशाचा?

चोरलेली गाडी सुट्या भागांत विकली जाते, दुसऱ्या गाडीचा चासिस क्रमांक लावून नव्याने नोंदवली जाते किंवा कंटेनरमधून परदेशी जाते. म्हणून भंगारवाल्यांची तपासणी, नोंदणीच्या वेळची काटेकोर पडताळणी आणि बंदरांवर इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेच्या चोरीच्या वाहनांच्या नोंदी तपासणे यांवर मनुष्यबळ लावणे अधिक फलदायी ठरेल. तक्रार नोंदवून घेण्यातील दिरंगाईचा मुद्दा तर लेखात आलेलाच नाही. गाडीचा क्रमांक चोरीच्या वाहनांच्या यादीत चढेपर्यंत रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांच्या लेखी ती गाडी चोरीची नसतेच.