‘ओव्हरराइड’ लिहिण्याआधी थांबा: लिनक्सच्या हरवलेल्या बूट नोंदीविषयी फिरणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या रविवारी रात्री साडेदहाला नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या वसतिगृहातून माझ्या भाच्याचा फोन आला. “मावशी, लिनक्स उडलं वाटते. आता फक्त एंटर दाबायचं राहिलं. दाबू का?” पडद्यावर काय लिहिले आहेस ते मोठ्याने वाच, असे मी सांगितले आणि त्याने वाचले: सिलेक्ट डिस्क ०, सिलेक्ट पार्टिशन १, डिलीट पार्टिशन ओव्हरराइड. त्या शेवटच्या शब्दाने मनात पाल चुकचुकली म्हणून त्याने फोन केला. एरवी अंतिम वर्षाचा प्रकल्प आणि विंडोज ही दोन्ही एकाच रात्री त्याच्या हातची गेली असती.

या आज्ञा त्याला व्हॉट्सअॅपवर आलेल्या एका लांबलचक संदेशात मिळाल्या होत्या. संदेशाचा दावा थोडक्यात असा: विंडोज अपडेट लिनक्स (विंडोजशेजारी बसवता येणारी दुसरी कार्यप्रणाली) कायमचे पुसून टाकते, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जे बिननावाचे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग, ‘१०० टक्के मोकळे’ दिसते ते त्याचा पुरावा असून ते काढून टाकावे, सोबतचे १०० एमबीचे ‘खराब’ ईएफआय पार्टिशनही डिस्कपार्ट या विंडोजच्या साधनाने उडवावे, मग विंडोजच्या बूटरेक या साधनाची फिक्सएमबीआर आज्ञा चालवून, सिक्युअर बूट (मान्य स्वाक्षरी असलेलेच प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय) कायमचे बंद करून आणि बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) लेगसी, म्हणजे जुन्या, मोडवर टाकून लिनक्स पुन्हा बसवावे. शेवटी ‘जास्तीत जास्त विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवा’ हे आलेच. मी येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेचे काम पाहते, आमच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज आणि उबुंटू हे लिनक्स शेजारी शेजारी नांदतात, आणि त्याच आठवड्यात हा संदेश आमच्या प्रयोगशाळा सहायकांच्या गटातही आला. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक मुद्दा ईएफआय पार्टिशन उडवण्याचा आहे, तेव्हा आधी तोच घेते. हे पार्टिशन लिनक्सचे नसते आणि विंडोजचेही नसते. ते यंत्राचे असते. फॅट३२ स्वरूपाच्या त्या चिमुकल्या जागेत ‘ईएफआय’ नावाचे फोल्डर असते आणि त्यात प्रत्येक कार्यप्रणाली आपापला बूट लोडर, म्हणजे स्वतःला सुरू करणारा प्रोग्राम, वेगळ्या फोल्डरात ठेवते. विंडोजची स्वतःची ‘बूटएमजीएफडब्ल्यू’ ही फाइलही तिथेच, मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरात असते. म्हणजे लिनक्स परत आणण्याचा उपाय म्हणून विंडोजचीच किल्ली नाल्यात फेकायला हा संदेश सांगतो. डिस्कपार्ट साध्या ‘डिलीट’ आज्ञेला येथे नकार देते आणि जबरदस्ती करायची असेल तर ‘ओव्हरराइड’ हा शब्द मुद्दाम लिहायला लावते, तो याच कारणासाठी. शिवाय पार्टिशन १ म्हणजे प्रत्येक यंत्रावर ईएफआयच असेही नाही. कित्येक यंत्रांवर त्या जागी विंडोजचे रिकव्हरी पार्टिशन असते.

‘१०० टक्के मोकळे’ या पुराव्याची गोष्ट तर त्याहून मजेची आहे. विंडोजला लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइलप्रणाली वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते डिस्क मॅनेजमेंटचा तक्ता सरळ मोकळे म्हणून दाखवतो. मोडी न येणाऱ्याने जुने दप्तर उघडून ‘यात काहीच लिहिलेले नाही’ म्हणावे, त्यातला हा प्रकार आहे. भाच्याचे ते ‘मोकळे’ पार्टिशन १२० जीबीचे होते आणि त्यात त्याचे दोन वर्षांचे काम होते.

मग लिनक्स दिसेनासे का होते? याचे उत्तर यूईएफआयच्या, म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेल्या पद्धतीच्या, अधिकृत विनिर्देशातील तिसऱ्या प्रकरणात आहे, जे बूट मॅनेजरविषयीच आहे. संदेश लिहिणाऱ्याने ते चाळले असते तर मला हा उद्योग करावा लागला नसता. यंत्राच्या मदरबोर्डवर, म्हणजे डिस्कच्या बाहेर, एक छोटी कायमस्वरूपी स्मृती असते. तिच्यात प्रत्येक कार्यप्रणालीची एक क्रमांकित नोंद असते: हे नाव, ही डिस्क, हे पार्टिशन, ही फाइल. ‘बूटऑर्डर’ नावाची आणखी एक नोंद या क्रमांकांची रांग ठरवते. रांगेत विंडोज पुढे गेले किंवा लिनक्सची नोंद गळून पडली, तर यंत्र थेट विंडोजमध्ये उघडते. डिस्कवरचे लिनक्स मात्र जागच्या जागी असते. बायोस अपडेट केले, सीएमओएसची बॅटरी काढली किंवा डिस्क काढून पुन्हा लावली, एवढ्यानेही नोंद जाऊ शकते. भाच्याने आदल्याच दिवशी लॅपटॉपच्या कंपनीने दिलेले बायोस अपडेट केले होते. अनेक यंत्रांचे फर्मवेअर (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम, ज्याला सवयीने बायोसच म्हणतात) विंडोजची फाइल ठरलेल्या जागी शोधून तिची नोंद आपणहून पुन्हा करते. उबुंटूच्या फोल्डराला तो मान मिळत नाही. त्यामुळे दोष मात्र हटकून विंडोज अपडेटच्या माथी जातो.

हे पडताळून पाहायला विंडोज पुरेसे आहे. मी त्याला डिस्कपार्ट बंद करायला लावले आणि अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये माउंटव्हॉल आज्ञेने ईएफआय पार्टिशनला एस हे अक्षर देऊन आतली यादी वाचायला सांगितली. तीन फोल्डर निघाले: बूट, मायक्रोसॉफ्ट, उबुंटू. “मावशी, उबुंटू आहे की वो इथं!” मग बीसीडीएडिट आज्ञेने फर्मवेअरच्या नोंदींची यादी काढली, तिच्यात विंडोज बूट मॅनेजर होते आणि उबुंटूचे नाव नव्हते. घर शाबूत होते, दारावरची पाटी तेवढी पडली होती.

उबुंटूचा पेनड्राइव्ह त्याच्याकडे होताच. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो; त्यातला यूईएफआय लिहिलेला निवडावा, कारण लेगसी मार्गाने सुरू केल्यास या नोंदींना हातच लावता येत नाही. ‘ट्राय उबुंटू’ निवडून टर्मिनलमध्ये एलएसबीएलके आज्ञेने डिस्कचे नाव आणि ईएफआय पार्टिशनचा क्रमांक खात्रीने पाहिला, आणि मग ईएफआयबूटएमजीआर या साधनाने नवी नोंद केली. तिला चारच गोष्टी लागतात: डिस्क, पार्टिशनचा क्रमांक, मेनूत दिसायचे नाव आणि उबुंटूच्या फोल्डरातील ‘शिमएक्स६४’ (शिम, म्हणजे उबुंटूचा पहिला बूट लोडर) या फाइलचा मार्ग. नवी नोंद रांगेत आपोआप पहिली बसते. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर उबुंटूच्या ग्रब या बूट लोडरचा जांभळा मेनू आला, तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. यादीत उबुंटूचे फोल्डरच नसते, तर पेनड्राइव्हवरूनच बसवलेल्या उबुंटूत क्रूट आज्ञेने शिरून ग्रब पुन्हा बसवावे लागले असते. तेही तासाभराचे काम आहे आणि त्यातही फॉरमॅट कुठे येत नाही. उलट नोंद यादीत असून फक्त मागे सरकली असेल, तर पेनड्राइव्हचीही गरज नाही. बायोसमध्ये जाऊन रांग बदलली की झाले.

फिक्सएमबीआरविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ती जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कसाठी आहे, यूईएफआयच्या यंत्रावर लिनक्सची नोंद तिने परत येत नाही. लेगसी मोडचा सल्ला मात्र त्रासदायक ठरतो, कारण जीपीटी या नव्या पद्धतीच्या डिस्कवर बसवलेले विंडोज त्या मोडमध्ये सुरूच होत नाही, आणि मग घाबरलेला विद्यार्थी संदेशातल्या पुढच्या पायरीकडे वळतो.

सिक्युअर बूटच्या बाबतीत मला, थोड्या नाइलाजाने, अर्धे सत्य मान्य केले पाहिजे. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज सुरक्षा अपडेटने जुने, सदोष बूट लोडर रोखणारी एसबॅट नावाची यादी लागू केली. ती दुहेरी बूटच्या यंत्रांना लागू व्हायची नव्हती, पण अशी काही यंत्रे ओळखण्यात चूक झाली आणि लिनक्स सुरू होताना ‘काहीतरी गंभीर बिघडले आहे’ अशा अर्थाचा संदेश देऊन यंत्रे बंद पडू लागली. मायक्रोसॉफ्टने हे स्वतः मान्य केले आणि मे २०२५ च्या अपडेटमध्ये दुरुस्तही केले. तेव्हा सिक्युअर बूट बंद करणे हा उपायाचा भाग होता, हे खरे. पण तो तात्पुरता होता: बंद करून उबुंटूत शिरायचे, एमओकेयुटिल आज्ञेने ते एसबॅट धोरण पुसायचे आणि सिक्युअर बूट पुन्हा सुरू करायचे. तेव्हाही लिनक्स पुसले गेले नव्हते, त्याला दारात अडवले गेले होते.

एरवी उबुंटूला सिक्युअर बूट बंद लागत नाही. २०१२ च्या १२.१० आवृत्तीपासून ते त्यासह चालते, कारण त्याच्या शिमवर मायक्रोसॉफ्टचीच स्वाक्षरी असते. आणि बंद करायचेच असेल, तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा. पुष्कळ नव्या लॅपटॉपवर मालकाच्या नकळत डिस्क कूटबद्ध झालेली असते, आणि सिक्युअर बूटला हात लावताच विंडोज ती की मागते. संदेशात याबद्दल चकार शब्द नाही.

ज्यांनी एंटर आधीच दाबले आहे, त्यांच्यासाठी एवढेच: चालू असलेले विंडोज बंद करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढून घ्या. नंतर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून त्याच मोकळ्या झालेल्या जागेत नवे ईएफआय पार्टिशन करून, फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून, बीसीडीबूट आज्ञेने विंडोजची फाइल परत बसवता येते, आणि त्यानंतर वर म्हटल्याप्रमाणे ग्रब. मात्र नव्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) वेगळा असतो, तो उबुंटूच्या एफएसटॅब या फाइलमध्ये बदलला नाही तर उबुंटू इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबते. ज्यांनी ते ‘१०० टक्के मोकळे’ पार्टिशनही काढले, त्यांनी त्या जागेत नवे पार्टिशन करू नये, फॉरमॅट तर मुळीच करू नये. काढल्याने तक्त्यातली ओळ जाते, आतला मजकूर लगेच जात नाही. पेनड्राइव्हवरून टेस्टडिस्क हे साधन चालवून ती ओळ पुष्कळदा परत लिहिता येते.